सगुणबाबाचं थेट गाऱ्हाणं

सगुणबाबाला पहिला धक्का बसला तो स्वतःच्या आवाजाचा. लॅपटॉपमधून कुणीतरी देवाला हाका मारत होतं. तो कान टवकारून म्हणाला, "हो कोण गो असो बोकडासारको आरडता?"

"तुमीच, बाबानू," त्याची सून सेजल म्हणाली.

त्याला ते खोटंच वाटलं. त्याची बायको सत्यवती मात्र नारळ खवताखवता म्हणाली, "खोटा कित्याक? आमी जल्मभर ह्योच आयकतांव."

पार्से गावात सगुणबाबाला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. निवृत्त होईपर्यंत तो बस चालवायचा. तिकीट फाडणं कंडक्टरचं काम, तरी प्रत्येक प्रवाशाला "खंय उतरतलस?" हे तो स्वतः विचारून घ्यायचा, अशी त्याची खोड. पण गावात त्याचं नाव झालं ते गाऱ्हाण्यामुळे. देवळातलं गाऱ्हाणं घालायला मानकरी असतात, तिथे त्याने कधी नाक खुपसलं नाही. घरगुती कामाला मात्र सगुणबाबच हवा. विहीर खणायची असो, पोर परीक्षेला बसायचं असो, नवी स्कूटर दारात आलेली असो, देवासमोर नारळ ठेवून तो डोळे मिटायचा आणि सुरू व्हायचा, "देवा म्हाराजा, बारा वाड्यांच्या, चार वेशींच्या धन्या..." एकेका मागणीला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरायची. एवढा होकार मिळाल्यावर देवाची नाही म्हणायची काय बिशाद!

त्याचा एक हट्ट होता. गाऱ्हाण्यात माणसाचं नाव, गाव, घर आणि दुखणं, सगळं उघड बोललं गेलं पाहिजे. आडपडदा चालायचा नाही. "बिनपत्त्याचो माणूस देवान खंय सोदूचो?" असं तो विचारायचा, आणि यावर पार्सेत कुणापाशी उत्तर नव्हतं.

हे गाऱ्हाणं घराबाहेर काढलं सेजलने. तिचा नवरा गौरेश मुरगावला बंदरात कामाला, पाळी संपली की घरी यायचा. मधल्या वेळात तिने घरबसल्या ब्लाउज शिवायला शिकवण्याचं थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं. खिडकीजवळच्या मेजावर लॅपटॉप, तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा, मागे गोल दिवा, गळ्याशी लावायचा चिमुकला माइक, आणि खाली पाय ठेवायला जागा नाही इतक्या वायरी. कुवेतमधल्या एका गाववाल्याने तिथे फ्लॅट घेतला आणि कळवलं की आमच्यासाठी बाबांना तिथूनच दोन शब्द घालायला सांगा. सेजलने शिवणयंत्र बाजूला सरकवलं आणि सासऱ्याला देवासमोर बसवून दिवा लावला. त्याच्या चष्म्यात त्या दिव्याची दोन चकचकीत कडी उमटली, म्हणून तिने चष्मा काढायला लावला. तेव्हापासून लोकांचे निरोप ती लॅपटॉपवर वाचून सांगायची आणि तो ते देवाला सांगायचा.

सुरुवातीला दर वेळी नवा धक्का. सॉफ्टवेअरात पंख्याची घरघर गाळून टाकायची एक सोय होती. त्या सोयीने पंख्याबरोबर देवाची घंटाही गिळली. "देवाची घांट म्हणजे कचरो?" म्हणून सगुणबाब अर्धा दिवस जेवला नाही. सेजलने ती सोय बंद केली तेव्हा तो ताटावर बसला. मग कळलं की इथे बोललेलं पलीकडे पोचायला वेळ लागतो, आणि तिकडचं "व्हय म्हाराजा" टाइप होऊन यायला आणखी वेळ. पहिल्या रविवारी तो मागणं मांडून थांबला. कुणाचाच होकार येईना. "मेले काय रे सगळे?" हे त्याने मोठ्याने विचारलं, आणि ते कुवेत ते कुडाळ सगळ्यांनी ऐकलं. तेवढ्यात लॅपटॉपवर होकारांची रांग लागली. लोकांना हे फार आवडलं. दर रविवारी सकाळी माणसं जास्तच जमू लागली.

त्याच्या हट्टापायी भानगडीही झाल्या. परदेशातल्या एकाने नोकरी गेल्याचं खाजगीत कळवलं, बाबाने नावागावासकट देवाला सांगितलं, आणि इकडे त्याचा भाऊ तो मॅनेजर झाला म्हणून पेढे वाटत फिरत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. सेजलने हात जोडले, पण बाबा बधला नाही. देवाशी लपाछपी त्याला ठाऊक नव्हती.

आणि दर रविवारी शेवटी तो स्वतःच्या घरचं एकच गाऱ्हाणं घालायचा. त्याची मुलगी संजना साखळी गावात दिली होती. जावई सुदेश गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. दिसायला मऊ, बोलायला गोड. सगुणबाब छाती भरून म्हणायचा, "देवा म्हाराजा, माजा चेडू साखळेक सुखान नांदता. जावय म्हणजे देवमाणूस. तेका आसा थंयच सुखी ठेव!" मुलगी आहे तिथेच सुखी राहो, याला जगभरातून होकार यायचा, व्हय म्हाराजा. साखळीलाही संजनाची सासू सुशीलाबाई हे भिंतीवरच्या टीव्हीवर लावून, आवाज वाढवून ऐकायची. व्याही टीव्हीवर येतो म्हटल्यावर शेजारणींनाही बोलवायची.

संजनाशी फोनवर बोलणं हे सत्यवतीचं खातं. तो मागून ओरडायचा, "बाबा बरो आसा म्हणान सांग गो!" एवढ्याने बापाचं काम झालं, असं त्याला वाटायचं.

मग एका रविवारी 'तुळस' नावाच्या कुणाचा तरी निरोप आला. सेजलने वाचला, "माझ्या मनाला बळ दे म्हणून देवाला सांगा. नाव घेऊ नका."

"नाव ना, तर गाऱ्हाणां ना," सगुणबाब म्हणाला, आणि पुढचा निरोप घेतला.

दुसऱ्या रविवारी तुळस परत. या वेळी जरा जास्त होतं, घरात मारहाण होते, बाहेर सांगायची सोय नाही. सेजलचा आवाज वाचताना खाली गेला. सगुणबाबाने मात्र कॅमेऱ्याकडे बोट रोखलं. "बाये, तू कोण ती माका ठावक ना. पण खोटा नाव घेवन देवाच्या दारात येतस? खऱ्या दुख्खाक लज कसली? नाव सांग, बापाशीचा नाव सांग, मगे बगूया देव कसो आयकना तो!" खालून टाळ्यांची चित्रं आली. सत्यवती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती आत गेली.

तिसऱ्या रविवारी गाऱ्हाणं रंगात आलं होतं. कुणाच्या काजूच्या बागेचा मोहर टिकू दे, कुणाच्या नातवाला पासपोर्ट मिळू दे, बाबाचा आवाज असा लागला होता की त्याला बोकड म्हणायची कुणाची छाती झाली नसती. आणि सेजल वाचायची थांबली.

"फुडे?" सगुणबाब म्हणाला.

सेजल पडद्याकडेच बघत होती.

"कोणाचो आसा? ती तुळसच मां? दिल्यान काय नाव? वाच!"

सेजलने कुठलंसं बटण दाबलं. पडद्यावरच्या माइकच्या चित्रावर तांबडी रेघ आली. दुसरं दाबलं, तेव्हा बाबाच्या जागी नुसती समई दिसू लागली. "बाबानू," ती म्हणाली, "तुमी वाचा."

त्याने चष्मा चाचपला, डोळ्यांवर चढवला, आणि मेजावर वाकला. निरोप खाजगीत आला होता, आणि लहानच होता.

"नाव संजना. बापाशीचा नाव सगुण. गाव पार्से. बाबा, माका आसा थंयच ठेव म्हणान देवाक सांगू नको."

त्याने ते वाचलं. परत वाचलं. ही कुठली संजना, असा विचार त्याच्या मनात खरोखरच येऊन गेला. पार्सेत दुसरा सगुण कोण, हेही त्याने आठवून पाहिलं. माणूस किती मूर्ख होऊ शकतो! मग तो शिवणयंत्राच्या स्टुलावर बसला. समोरच्या पडद्यावर लोक विचारत होते, नेट गेलं काय, आवाज येना, बाबा खंय गेले.

"ह्या खोटा," तो म्हणाला. "कोणी तरी फटकिंगपणा करता."

"खोटा ना," सेजल म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "गेला वर्सभर ती माझेकडसून लांब हातांचे ब्लाउज शिवन घेता. इतक्या गरमेंत. माका वाटला फॅशन."

चवथीला संजना आली होती ती त्याला आठवली. तिने फुगडीला हात दिला नव्हता. कुणीतरी मनगट धरलं तशी कळवळली, आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, सासरी कामाची सवय मोडली वाटतं, तळहातावरच्या फोडासारखी जपतात हिला. सगळे हसले होते. तीही हसली होती.

त्याने मान वर केली. सत्यवती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि हे पाहून त्याला जो धक्का बसला तो आधीच्या सगळ्यांहून वाईट.

"तू जाणा हुतस?"

"अर्धा जाणा हुतंय," सत्यवती म्हणाली. "फोनवर सासू बाजूकच असता. पण आवाजावरसून कळता. आवयक कळता."

"मगे माका कित्याक सांगूक नाय?"

"कशी सांगू?" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्याने तो असा ऐकला नव्हता. "तुमी दर आयतारा सगळ्या जगाक सांगत इलास, चेडू सुखान नांदता म्हणान. जावय देवमाणूस म्हणान. लोक व्हय म्हणत. त्यांच्यात मी एकटी ना म्हणूची? ती एकटी ना म्हणूची? तिणे काय करूचा, टीव्हीतल्या बापाशीक खोटो पाडूचो?"

दर रविवारी आपण मुलीच्या दाराला बाहेरून कडी घालत होतो आणि गावाकडून व्हय म्हणवून घेत होतो, हे सगुणबाबाला आत्ता कळत होतं. गेल्या रविवारी तर तिला सगळ्यांदेखत झापलंही होतं. खऱ्या दुःखाला लाज कसली! शरम वाटून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग तो तिरीमिरीत उठला. "आवाज सोड. आता सांगतंय देवाक. नावागावासकट सांगतंय. त्या सुदेशाचा नाव साऱ्या गोंयाक कळूंदे!"

"नको!" सेजल आडवी आली. "बाबानू, ती थंय त्याच घरात आसा. ते आत्ता टीव्हीसमोर बसलेत. तुमी इथून नाव घेशात आणि थंय तिका कोण वाचयतलो? तुमी साखळेक पोचापर्यंत काय होयत?"

तो जागच्या जागी थांबला. जन्मात पहिल्यांदाच त्याने आलेलं गाऱ्हाणं गिळलं.

"आणि हे बंद केला तर?" सत्यवतीने लॅपटॉपकडे हात केला. "सुशीलाबाय लगेच फोन करतली, काय झाला म्हणान. सुदेश तिचो फोन बगीत."

सेजलने डोळे पुसले आणि लॅपटॉप ओढला. तिच्यापाशी आधीच्या सगळ्या रविवारांची रेकॉर्डिंग होती. सॉफ्टवेअरात कॅमेऱ्याच्या जागी जुना व्हिडिओ लावता येतो. शिवणाच्या वर्गात वीज गेली की ती तेच करायची. बाबाचा सदरा पांढरा, उपरणं तेच, देवही तोच. शिमग्यानंतरचा एक लांबलचक रविवार तिने निवडला आणि बटण दाबलं. समई गेली आणि पडद्यावर सगुणबाब डोळे मिटून बोलू लागला. खाली लोकांनी लिहिलं, आले आले, नेट इला. एकालाही काही कळलं नाही. खरा सगुणबाब उभा राहून स्वतःकडे बघत होता. पडद्यातला तो माणूस त्याला भयंकर खोटारडा वाटला.

"तुमी जावा," सेजल म्हणाली. "मी हे चालू ठेवतंय. तिका कळयतंय, तुमी येतास म्हणान."

गौरेश कामावर होता, पण त्याची गाडी दारात होती. सगुणबाबाने चाक हातात घेतलं. सत्यवती नेसत्या लुगड्यानिशी शेजारी बसली. कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा, डिचोली, या रस्त्यावर त्याने आयुष्यभर बस चालवली होती. बसस्टॉप दिसला की त्याचा पाय सवयीने ब्रेककडे जायचा. आज एकाही स्टॉपला गेला नाही. तो फक्त एकदा बोलला. "मारता म्हणजे... हातान?" सत्यवतीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

साखळीच्या त्या घराचं दार सताड उघडं होतं. आत, भिंतीएवढ्या टीव्हीवर, गोल दिव्याच्या उजेडात न्हालेला सगुणबाब देवाशी बोलत होता. सुशीलाबाई हात जोडून समोर बसली होती. सुदेश सोफ्यावर पाय पसरून मोबाइल बघत होता. संजना स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, लांब हातांच्या ब्लाउजात, आणि तिचे डोळे टीव्हीकडे नव्हते, दाराकडे होते.

सुशीलाबाईने सहज मान वळवली. दारात व्याही उभा. तिने टीव्हीकडे पाहिलं. तिथेही व्याही, आणि बोलतोय. तिने परत दाराकडे पाहिलं आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की सुदेशचा मोबाइल हातातून पडला. "गेलो गे!" ती किंचाळली. "व्याही गेलो! भूत इला!"

सुदेश उठून उभा राहिला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "बाबानू, तुमी... हे लायव्ह ना?"

सगुणबाबाला हसू आलं नाही. तो चपलांसकट आत शिरला. वाटभर त्याने सुदेशला काय काय सुनवायचं ते जुळवलं होतं, शिव्या तर एकाहून एक सरस होत्या. पण टीव्हीतल्या सगुणबाबाने नेमका त्याच वेळी आवाज चढवला, "देवा म्हाराजा, माजा चेडू साखळेक सुखान नांदता. जावय म्हणजे देवमाणूस..."

स्वतःचा आवाज ऐकून तो हादरला. केवढा मोठा, केवढा ठाम! या आवाजाच्या वर ओरडून संजनाला हाक मारणं त्याला जमेना. "बंद कर तो!" तो सुदेशवर खेकसला. सुदेश रिमोट शोधू लागला, उशा उलट्यापालट्या करू लागला. रिमोट सापडेना. टीव्हीतला बाप सांगतच होता, आसा थंयच सुखी ठेव, आसा थंयच. सत्यवती पुढे झाली आणि भिंतीतला प्लग तिने हिसडून काढला.

सगुणबाब मुलीसमोर जाऊन उभा राहिला. इतक्या जवळून त्याने तिला कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना. डोळ्यांखाली काळं. हनुवटीजवळ पावडरीने झाकलेला पिवळट डाग. त्याचे ओठ हलले, आणि सवयीने आधी देवाचंच नाव ओठांवर आलं. ते त्याने मागे सारलं. मग अगदी हलक्या, कुणालाही कधी माहीत नसलेल्या आवाजात त्याने विचारलं, "संजना, बरी आसस मां गो तू?"

सुदेश घाईघाईने म्हणाला, "बरीच आसा ती, बाबानू, तुमका कोणी तरी..."

"तुका विचारूक नाय," सगुणबाब म्हणाला, आणि मुलीकडेच बघत राहिला. त्याला घाई नव्हती. उत्तर पोचायला किती का वेळ लागेना.

संजनाने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तिने मान हलवली नाही. तोंडाने सांगितलं.

"ना, बाबा. बरी ना मी. इथं कदीच बरी नव्हतंय."

सगुणबाब उभ्या जागी मोठ्याने रडला. सत्यवती दाराशी वाकून लेकीच्या चपला शोधू लागली.